गॅरेजचा रकाना

टिपणीसकाकांनी पहिल्या भेटीत माझा हात हातात घेतला तो मोजायला. लग्न होऊन ब्रिस्टलला आले त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते आणि अविनाश, म्हणजे माझा नवरा, मला त्यांच्याकडे जेवायला घेऊन गेला होता. दारातच काकांनी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला, माझ्या पंजाची रुंदी घेतली, मग मूठ वळायला लावून मुठीचं माप घेतलं आणि विचारलं, रोज पोळ्या किती लागतात? मी गोंधळून आठ म्हटलं. "म्हणजे अविनाश सहा खातो," असं पुटपुटत त्यांनी ते एका वहीत लिहून घेतलं. त्या वहीत ब्रिस्टलमधल्या झाडून सगळ्या मराठी बायकांचे हात नोंदलेले होते. मला वाटलं, माणूस जरा हललेला दिसतोय.

तीन आठवड्यांनी माझं लाटणं आलं. सिकॅमोरच्या फिकट लाकडाचं, दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं. इथल्या दुकानात मिळतं ते लाटणं म्हणजे मुसळ. त्यानं पेस्ट्री लाटावी, पोळीचं काम नाही. काकांचं लाटणं हातात घेतल्यावर मला कळलं की आजवर मी दुसऱ्याच्या मापाच्या चपला घालून चालत होते. त्याच्या बदल्यात काही दिलेलं त्यांना चालत नसे. फक्त सहा महिन्यांनी ते घरी येऊन लाटणं तपासत. तेल लावता का, तडा गेलाय का, कुणी डिशवॉशरमध्ये तर नाही ना घातलं? एका बाईंनी घातलं होतं. त्यांना दुसरं मिळालं नाही.

काका विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते आणि अविनाश तिथेच ड्रॉइंग ऑफिसात होता. तो सांगायचा की काकांच्या टेबलावरून भाग पास होणं म्हणजे सासूकडून पुरणपोळी पास होण्यासारखं. एकदा त्यांच्या बॅडमिंटनच्या जोडीदाराची अख्खी बॅच केसभर फरकानं चुकली होती. तो बिचारा गळ घालायला आला. काकांनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि बॅच परत पाठवली. संध्याकाळी दोघं नेहमीसारखे खेळायला गेले आणि काका हरले. मुद्दाम हरलात का, असं अविनाशनं विचारलं, तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं होतं. खोटं खेळणं त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

घरात 'साधारण' हा शब्द बंद होता. सुधाकाकूंनी साधारण कधी याल असं विचारलं की उत्तर मिळे, पाच चाळीस. ताप बघायचा झाला तरी त्यांचा नियम ठरलेला, एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं वाचायचं, कारण मोजणाऱ्याला आपल्याला हवा तोच आकडा दिसतो. स्वतःच्या तापाचा थर्मामीटर ते काकूंच्या हातात देत आणि स्वतः डोळे मिटून घेत.

हा सगळा काटेकोरपणा गॅरेजच्या दाराशी संपायचा. त्या गॅरेजमध्ये गाडी कधीच गेली नाही, ती बाहेर पावसात भिजायची. आत लेथ होता, लाकूड फिरवून कातायचं यंत्र. शेजाऱ्यांशी ठरल्याप्रमाणे शनिवार-रविवार सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तो चालायचा, एरवी नाही. मी काकूंचा निरोप घेऊन आत जाई तेव्हा काका फिरत्या लाकडावर पटाशी टेकवून उभे असत आणि लाकडाच्या लांब साली त्यांच्या दाढीत, खांद्यावर, चहाच्या कपात पडत असत. शेवटचा हात फिरवताना ते लेथ थांबवून डोळे मिटत आणि बोटानं लाकूड चाचपत. कॅलिपर खिशातच असे. मी एकदा म्हटलं, काका, माप नाही घेत? तर म्हणाले, "इथे साधारण चालतं गं." हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

पुढे त्यांना साध्या लाकडाचा कंटाळा आला. शिसवी, इरोको, यू अशी नाना रंगांची लाकडं आणून ते वाडगे करायला लागले. असली लाकडं तडकतात. मग तड्यात लाकडाचा बारीक भुसा भरायचा आणि वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब सोडायचे, अशी युक्ती त्यांना कुठल्याशा मासिकात सापडली. भुशावर गोंद पडला की चर्र होऊन पांढरा धूर निघे, आणि काका त्यावर वाकून बघत राहत. मग पॉलिश पेपरनं घासणं. त्या वेळी गॅरेजमध्ये पिठाच्या गिरणीत असतं तसं सगळं धूसर व्हायचं.

त्यातून एक घोटाळा झाला. महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी गणपतीच्या आरत्यांची पुस्तकं मागायला आले, तर काका गॅरेजमधून बाहेर येत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सेक्रेटरींना वाटलं, इंडियातून तार आली. त्यांनी काही न विचारता काकांचा हात धरला, दोन मिनिटं धरून ठेवला, आणि घरी जाऊन चौघांना फोन केले. संध्याकाळी पाच घरांतून डबे आले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सगळ्यांनी पिठलं-भात आणला होता. काका दारात उभे राहून एकेक डबा घेत होते आणि नक्की कोण गेलं हे विचारायचं धाडस त्यांनाही होत नव्हतं. उलगडा झाल्यावर सगळे तिथेच जेवले. काका म्हणाले, "गोंद झोंबतो जरा डोळ्यांना." आम्ही पोट धरून हसलो. आज ते आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते.

वर्षभरात खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखा. कारखान्यातल्या युनियनवाल्याची खात्री की हा मशीनवरच्या तेलांचा प्रताप, आपण लढू. काका म्हणाले, आधी मोजू. जीपीनं, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरनं, त्यांना फुंकायचं एक मीटर दिलं. प्लास्टिकची नळी, जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो आणि तुमचा श्वास किती जोराचा आहे ते कळतं. काका लहान मुलासारखे खूश झाले. फ्रिजवर ग्राफ पेपर लागला. सकाळ-संध्याकाळ काका फुंकायचे, काकू आकडा वाचायच्या आणि तक्त्यात लिहायच्या.

महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं. सोमवारी सकाळी आकडा तळाला असे. आठवडाभर कारखान्यात राहून तो हळूहळू चढे, शुक्रवारी चांगला चारशेच्या वर जाई, आणि रविवारी पुन्हा कोसळे. म्हणजे कारखाना सुटला. दोष घरात होता आणि शनिवार-रविवारचा होता. मग काकांनी तक्त्याला रकाने पाडले. उदबत्ती, गालिचा, शेजारचं मांजर, पाऊस, फोडणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यांचा दुसरा नियम. उदबत्ती बंद झाली, गालिचा उचलला, मांजराला हाकललं. काही फरक पडला नाही. पाऊस तर आठवडाभर असायचाच. उरली फोडणी.

इथे काकूंच्या फोडणीबद्दल सांगायला हवं. शनिवारी त्यांच्याकडे आठ-दहा माणसं जेवायला असत, आणि इथल्या बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात त्यांनी सुक्या मिरच्यांची फोडणी घातली की वरच्या मजल्यावरचा माणूस शिंकत खाली येई. आम्ही बायका आपापल्या घरी तशी करून बघायचो, पण ती जमायची नाही. काकूंना इंग्रजी बेताचं येई, त्यांनी इथे नोकरी केली नव्हती, गाडी शिकल्या नव्हत्या. पण शनिवारी त्या कढल्याभोवती सगळं घर फिरायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचं कढलं धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलं. मला म्हणाल्या, "त्यांच्या श्वासापुढे मोहरी काय गं."

तो हिवाळा आम्ही बिनफोडणीचा काढला. वरणात नुसतं मीठ-हळद, भाजी उकडलेली, कढी तर करायचीच बंद. जेवायला येणारे हळूहळू कमी झाले. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही, पण शनिवारी अचानक सगळ्यांना कामं निघायला लागली. काकू वाढताना आधीच सांगून टाकत की आज जरा फिकं आहे. काका खाली मान घालून जेवत. खोकला होता तसाच होता, आणि तक्त्यातली रेघ दर रविवारी तशीच खाली जात होती.

नाताळात त्यांची मुलगी मीनल केंब्रिजहून आली. ती तिथे प्रयोगशाळेत काम करायची. इथेच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी आपल्या मर्जीनं चालायचं. फ्रिजसमोर उभी राहून ती म्हणाली, "बाबा, सगळ्याची कॉलम आहे, पण गॅरेजची कुठे आहे? वीकएंडला तुम्ही तिकडेच असता ना?"

"गॅरेज घरात येत नाही," काका म्हणाले, आणि चहाचा कप घेऊन बाहेर गेले.

मीनलनं खांदे उडवले. काकू मटार सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. तेवढंच.

जानेवारीत एका बुधवारी संध्याकाळी काकूंचा मला फोन आला. ये म्हणाल्या, एक आकडा वाचायचाय. मी गेले तर कढलं कपाटावरून खाली आलेलं होतं आणि काका टेबलाशी बसलेले होते. काकूंनी खिडक्या लावल्या, दार लावलं, काकांना फुंकायला सांगितलं. मी वाचलं, चारशे दहा. मग त्यांनी तेल तापवलं, मोहरी टाकली, हिंग टाकला आणि आठ सुक्या मिरच्या मोडून टाकल्या. तीन महिन्यांची भूक असल्यासारखं ते घर त्या वासानं भरून गेलं. आम्ही तिघंही खोकलो, मला तर पदर तोंडाला लावायला लागला. पण तो साधा ठसका होता, आला आणि गेला. अर्धा तास आम्ही तसेच बसून राहिलो. काका पुन्हा फुंकले. चारशे दहा. तासानं पुन्हा चारशे दहाच.

काकूंनी फ्रिजवरून तक्ता काढला. शेवटच्या रकान्याच्या उजवीकडे पट्टीनं सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, गॅरेज.

"आता तिकडे जा," त्या म्हणाल्या. "बुधवार आहे, एक दिवस शेजारी ऐकून घेतील. तासभर काम करा आणि येऊन फुंका. ही वाचेल."

काका उठले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "त्याची गरज नाही."

"का?"

"आकडा मला माहीत आहे."

काकूंनी कधीपासून असं विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, गणपतीच्या आधीपासून. एका शनिवारी गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी आणि आल्यावर त्यांनी स्वतःच फुंकून, स्वतःच वाचलं होतं. शंभरानं खाली. तक्त्यात लिहिलं नाही. जीपीनं तुमचे छंद काय म्हणून विचारलं तेव्हाही सांगितलं नव्हतं. बागकाम म्हणाले होते.

"बाग माझी आहे," काकू म्हणाल्या.

मला तिथून उठावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं. मग काका हळूच म्हणाले, "तू फोडणी कधीही परत सुरू करू शकली असतीस, सुधा. माझं एकदा बंद झालं की झालं."

मला त्यांचा भयंकर राग आला. काकूंपेक्षा जास्त मलाच आला असावा. ज्या माणसानं मित्राची बॅच केसभर फरकानं परत पाठवली, त्यानं बायकोला तीन महिने मीठ-हळदीचं वरण खायला लावलं होतं, आणि रोज तिच्याच हातानं तो खोटा तक्ता भरून घेतला होता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि राग टिकेना. पकडले गेल्याचं दुःख तिथे नव्हतं. मला तिथे फक्त भीती दिसली.

काकूंनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र लिहिलं आणि स्वतः बसनं जाऊन जीपीच्या दवाखान्यात दिलं. पत्रात एकच वाक्य होतं, माझे पती बागकाम करीत नाहीत. स्पेलिंग तेवढं माझ्याकडून तपासून घेतलं. शनिवारी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावणं आलं आणि आमटीला अशी फोडणी होती की कुणाला दुसरं काही बोलायचं सुचलं नाही. काका आणि काकू मात्र त्या दिवशी एकमेकांशी बोलत नव्हते. तो अबोला होळीपर्यंत चालला.

हॉस्पिटलातल्या स्पेशालिस्टनं सगळं समजावून सांगितलं. लाकडाची बारीक धूळ आणि त्या गोंदाची वाफ, दोन्ही. शरीर एकदा त्यांच्यावर उलटलं की पूर्वी जे मूठभर सोसत होतं ते चिमूटभरही सोसत नाही. सोडून द्या. काकांनी घासाघीस केली. गोंद बंद, रंगीत लाकडं बंद, फक्त सिकॅमोर, फक्त अर्धा तास, आणि पंख्यानं गाळलेली हवा देणारं शिरस्त्राण. आधी साधा मास्क वापरून बघितला, पण दाढीवर तो नीट बसत नाही असं नर्स म्हणाली. एका सकाळी दाढी गेली. काकूंनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांची हनुवटी पाहिली. अबोला सुटला तो त्या हनुवटीपाशी, असं त्या मला सांगत आणि हसत. मग शिरस्त्राण आलं. ते घालून काका गॅरेजमध्ये निघाले की गल्लीतली पोरं त्यांना सॅल्यूट करायची. काकूंचा हुकूम एकच, फुंकल्याशिवाय आत जायचं नाही आणि फुंकल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

मे महिन्यापर्यंत ते निभलं. मग एका दुपारी, जवळजवळ पूर्ण झालेल्या लाटण्यात केसासारखा तडा दिसला. नवीन लग्न होऊन आलेल्या कुणा मुलीचं होतं. त्यांनी एकच थेंब सोडला. नीट दिसावं म्हणून शिरस्त्राणाची काच वर केली होती. काकू बागेत कोथिंबीर खुडत होत्या, त्यांना गॅरेजचं दार जोरात आपटल्याचं ऐकू आलं. काका गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे होते आणि एक शब्दही पूर्ण बोलता येत नव्हता. ओठ जांभळे झाले होते. समोर राहणारा रॉन, निवृत्त बस ड्रायव्हर, धावत आला, त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत काकूंशेजारी उभा राहिला. चार दिवस काका हॉस्पिटलात होते. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या तोंडावर ऑक्सिजन होता. तो बाजूला करून त्यांनी काकूंना सांगितलं, "लेथ रॉनला देऊन टाक. मी यायच्या आत."

ते घरी आले तेव्हा गॅरेजमध्ये गाडी उभी होती.

त्यानंतर तीनेक वर्षांनी अविनाशला साउथहॅम्प्टनला नोकरी लागली आणि आम्ही ब्रिस्टल सोडलं. निघायच्या आधी मी निरोप घ्यायला गेले. काकूंनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "ऑफिसला गेलेत," म्हणाल्या.

नोव्हेंबर होता. रॉनच्या बागेत, त्याच्या गॅरेजच्या बंद खिडकीपासून चांगली चार पावलं लांब, काका उभे होते. ओव्हरकोट, टोपी, नाकापर्यंत मफलर. आत रॉन लेथवर एक वाडगा करत होता आणि काचेतून साली उडताना दिसत होत्या. काकांनी तळहात जरा खाली दाबला. रॉननं त्यांच्याकडे बघून पटाशी खाली घेतली आणि लेथचा आवाज बदलला, मऊ झाला. काकांनी समाधानानं मान हलवली.

मी म्हटलं, काका, एवढ्या थंडीत कशाला?

"आवाज तर ऐकू येतो," ते म्हणाले. "आवाजानं काही होत नाही मला. मोजून बघितलंय. सुधानं वाचलंय."

आम्ही शनिवारी जातोय असं मी सांगितलं. पोचल्याचं पत्र टाक म्हणाले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

कोपऱ्यावरून मी मागे वळून पाहिलं. वारा फिरला असावा, कारण काका खिडकीसमोर नव्हते. ते गॅरेजला वळसा घालून मागच्या बाजूला गेले होते. तिथे खिडकी नव्हती, नुसती विटांची भिंत होती आणि तिच्यापलीकडे लेथ चालू होता. त्यांनी हातमोजा काढला होता, तळहात भिंतीवर सपाट ठेवला होता आणि डोळे मिटले होते.